शिळी शाई

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. अंजलीलाही नाही, आणि अंजली माझी बायको आहे. माझ्या दातांपासून माझ्या पेन्शनपर्यंत तिला सगळं ठाऊक असतं. शरयू टिपणीस यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं चित्र वाया गेलं ते माझ्यामुळे. दोष लागला दुसऱ्याच माणसाला. तो लागत असताना मी तिथेच उभा होतो, मला विचारलं गेलं, आणि मी खोटं बोललो.

एवढं लिहून झाल्यावर माणूस साहजिकच गोड गोड लिहायला लागतो. मी ते करणार नाही. शरयूताई असह्य बाई होत्या. ग्लासगोत आठ वर्षं आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो आणि त्यातली निदान सात मी त्यांच्यावर चरफडण्यात घालवली.

पहिली भेटच बघा. आम्ही त्या जुन्या दगडी इमारतीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात एक सत्तरीची, बुटकी, काटक बाई. कार्डिगनच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारून रबरबँडनं आवळलेल्या, उजव्या हाताची बोटं काळी. त्यांनी दारावरची पाटी वाचली आणि शुद्ध मराठीत विचारलं, "अहो बर्वे, तुम्ही चालता की नांगरता?"

परदेशात शेजारी मराठी निघाला की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. मी खाली माझ्या चपलांकडे पाहिलं.

"खाली मी रेघ ओढत होते," त्या म्हणाल्या.

"कसली रेघ?"

"आता कसलीच नाही."

अंजलीनं आतून घाईघाईनं चहाचं विचारलं. "चहा नको. गालिचा घाला," असं म्हणून त्या जिना उतरल्या. आम्ही त्याच शनिवारी गालिचा घेतला.

त्या चिनी शाईची चित्रं काढायच्या. डॉक्टर टिपणीस इथल्या हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर होते. त्यांच्या मागोमाग त्या लग्न होऊन आल्या. मुलगा शाळेत जायला लागल्यावर कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालायला गेल्या, तर पॉटरीचा वर्ग भरलेला होता. शेजारच्या खोलीत एक चिनी बाई शाईची चित्रकला शिकवत होत्या आणि तिथे चारच टाळकी होती. "म्हणजे मातीत जागा असती तर मी कुंभारीण झाले असते," त्या सांगायच्या. पुढे मोठ्या कलावंतांच्या मुलाखतीत असतं तसलं काही त्यांना कधी सांगताच आलं नाही. एकदा गॅलरीतल्या एका मुलीनं फार आदरानं विचारलं, तुमच्या भारतीय वारशाचा तुमच्या रेषेवर काय परिणाम झाला? शरयूताई म्हणाल्या, "आईनं रांगोळी शिकवली होती. ती चुकली की पुसता येते. म्हणून मला ती कधी आवडली नाही." मुलीनं ते लिहून घेतलं. कॅटलॉगमध्ये मात्र 'रांगोळीच्या परंपरेतून स्फुरलेली रेषा' असं छापून आलं, आणि पुढचे दोन महिने त्या गॅलरीच्या वाटेला गेल्या नाहीत.

लोकांना त्यांच्याकडून बांबू हवा असे, कमळ हवं असे, फार तर एखादा पांडा. त्या काढायच्या घरांची धुराडी, पावसात भिजलेली स्लेटची छपरं, चढावरच्या रस्त्यावर ओळीनं उभे केलेले कचऱ्याचे डबे, रिकामा बसस्टॉप. फक्त काळी शाई, पाणी आणि कोरा सोडलेला कागद. कोऱ्या जागेबद्दल फार कंजूस. "काळं कुणीही करतं," म्हणायच्या, "पांढरं वाचवावं लागतं."

हे वाचवलेलं पांढरं आमच्या इथल्या मराठी मंडळाला फार महागात पडलं. गणपतीच्या स्मरणिकेसाठी चिटणीस चौबळ त्यांच्याकडे गणपती मागायला गेले. सोबत मी, कारण शेजारी. त्यांनी नाही म्हटलं नाही, हेच आश्चर्य. पंधरा दिवसांनी भला मोठा कागद दिला. सगळा कोरा. खाली उजव्या कोपऱ्यात दोन बोटांएवढा उंदीर, मान वर करून बसलेला.

चौबळांनी कागद उलटा करून पाहिला. "ताई, गणपती कुठाय?"

"येतायत. उंदीर पुढे आलाय."

"अहो, पण लोक विचारतील ना!"

"विचारू द्या. वाट बघायची सवय होईल."

खरं सांगतो, तो उंदीर ज्या तऱ्हेनं वर बघत होता त्यात समोर कुणीतरी प्रचंड उभं आहे असं वाटत होतं. ते मला आज वाटतं. त्या दिवशी मी फक्त वैतागलो होतो. चौबळांनी व्यवहार्य मार्ग काढला: कोरा भाग कापला, उंदीर पानभर मोठा करून छापला, खाली 'श्री गणेशाय नमः'. शरयूताईंनी स्मरणिका पाहिली, मिटली आणि चौबळांशी दोन वर्षं बोलल्या नाहीत. माझ्याशी तीन आठवडे, कारण शेजारी.

त्यांचा सगळ्यात संताप आणणारा गुण म्हणजे त्या कारण सांगत नसत. हुकूम सोडायच्या. चहाचा कप डावीकडे ठेवू नका. कागदाच्या गुळगुळीत बाजूला हात लावू नका. दार उघडायच्या आधी श्वास सोडा. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर: "करून बघा, कळेल." करून बघितल्यावर कळायचं नाही ते नाहीच. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. तिथे प्रत्येक हुकमामागे कारण असतं आणि ते भिंतीवर लावलेलं असतं.

त्यांचं मनगट संधिवातानं धरलं तेव्हा शाई उगाळण्याचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे काय, त्यांनी दिलं. केरसुणीच्या दांड्यानं त्या छताला ठोकायच्या: दोन ठोके म्हणजे आवाज बंद, तीन म्हणजे खाली या. एका रविवारी तीन पडले. खाली गेलो तर समोर काळ्या दगडाची तबकडी आणि शाईची कांडी. "ही सहाण," त्या म्हणाल्या. चिनी भाषेत तिला काय म्हणतात ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. "चंदन उगाळलंय ना कधी? बर्व्यांच्या घरात उगाळलंच असणार. तसंच. जोर नको. पाणी थेंबानं."

उगाळलं होतं. लहानपणी रोज, वडिलांच्या पूजेसाठी, ओल्या पंच्यात कुडकुडत. आमच्या घरात सोवळं इतकं कडक होतं की शाळेच्या दप्तराला हात लागला तरी पुन्हा आंघोळ. रात्रीचं सकाळी चालायचं नाही, ह्याचं त्याला लागायचं नाही. का, म्हणून विचारलं की तिथेही उत्तर मिळायचं नाही. सोळाव्या वर्षी मी ते सगळं सोडलं आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

म्हणून शरयूताई जेव्हा म्हणाल्या, "उरलेली शाई ओतून द्यायची. सहाण रोज धुवायची. शिळी चालत नाही," तेव्हा मी मनात हसलो. घ्या, सोवळं इथेही आलंच.

चाळीस मिनिटं उगाळलेली दाट, चकचकीत शाई सिंकमध्ये ओतून द्यायची हे माझ्या जिवावर यायचं. आमच्या घरी शिळ्या पोळीचाही कुस्करा होतो. मी सहाण धुवायला न्यायचो तेव्हा उरलेली शाई गुपचूप जॅमच्या बरणीत ओतायचो आणि बरणी वर आमच्या सिंकखाली ठेवायचो. काय करणार होतो तिचं? काहीही नाही. टाकवत नव्हती एवढंच. शिवाय एका बिनकारणाच्या नियमाविरुद्ध माझं ते छोटंसं बंड होतं. दिवसभर लॅबमधल्या बाटल्यांवर तारखा घालणारा मी, त्या बरणीवर तारीख घातली नाही.

आणि मग ते मोठं चित्र आलं.

शहरातल्या एका गॅलरीनं त्यांचं एकटीचं प्रदर्शन ठरवलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा. मुख्य भिंतीसाठी त्यांना चार पुरुषभर उंचीचे कागद शेजारी शेजारी लावायचे होते: नदीकाठची जुनी क्रेन, धुक्यात अर्धी बुडालेली. दोन वर्षं त्या नदीवर जाऊन बसत होत्या. थर्मास, घडीची खुर्ची आणि मी, कारण खुर्ची कुणीतरी उचलायला हवी.

त्या रविवारी सकाळी नऊला तीन ठोके पडले. जमिनीवर फेल्टचं जाड कापड अंथरलेलं, त्यावर कागद, आणि बागकामाची उशी गुडघ्याखाली घेऊन त्या ओणव्या.

"आज पुष्कळ लागेल."

"किती?"

"क्रेनएवढी."

मी पाऊण तास उगाळली. त्यांनी ती दहा मिनिटांत संपवली. "अजून." पुन्हा पाऊण तास. "अजून. हात चालवा बर्वे, कागद सुकतोय." माझं मनगट पेटलं होतं. दोन मिनिटांत आलो म्हणून मी वर गेलो आणि खाली येताना कार्डिगनच्या खिशात बरणी आणली. तीन आठवड्यांची. त्यांची पाठ होती. मी ताज्या शाईत ती ओतली.

क्षणभरानं त्यांनी मान वर केली. "वास कसला येतोय?"

"मागच्या गल्लीतल्या ड्रेनचा असेल," मी म्हणालो. "कौन्सिलला फोन करायला हवा."

"मग करा."

सोमवारी मी खरंच कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. गुरुवारी एक माणूस आला, झाकण उघडून बघून गेला. ड्रेन ठीक होता. खोट्याला इतकी निगा लागते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या दिवशी चित्र संपल्यावर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं." ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी. वर म्हणाल्या, "काळं छान बसलंय. आज तुमचा हात लागला."

मी "थँक यू" म्हणालो.

असलं चित्र काढून झालं की त्या पातळ कागदाला सुरकुत्या पडलेल्या असतात. त्याला मागून दुसरा कागद चिकटवून ताठ करावा लागतो, आणि शरयूताईंसाठी ते काम बावीस वर्षं मिस्टर लाउ करत होते. चिनी वाणसामानाच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. हाँगकाँगहून आलेले, उंच, जरा वाकलेले, अत्यंत कमी बोलणारे गृहस्थ. गव्हाच्या चिकाची खळ स्वतः शिजवायचे. चित्र टेबलावर पालथं घालायचं, पाण्याचा फवारा मारायचा, खळ फिरवायची, मागचा कागद बसवायचा. शरयूताई आणि ते एकमेकांशी वर्षाला शंभर शब्द बोलत नसतील. पण त्यांच्याकडे चित्र देऊन आल्यावर बसमध्ये त्या डुलकी काढायच्या. एरवी त्या कुठेही डोळे मिटत नसत.

शनिवारी आम्ही चारही कागद त्यांच्याकडे पोचवले. मंगळवारी लाउंचा फोन आला. या म्हणाले. मी रजा टाकून शरयूताईंना घेऊन गेलो.

पहिला कागद टेबलावर होता. क्रेनच्या काळ्यातून पाणी फुटावं तसे ओघळ निघाले होते आणि दोन वर्षं वाचवलेल्या पांढऱ्या धुक्यात पसरले होते. उरलेल्या तीन कागदांना लाउंनी हात लावला नव्हता.

शरयूताईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. मग इंग्रजीत म्हणाल्या, "पाणी जास्त मारलंत."

"पाणी नेहमीचंच," लाउ म्हणाले. "मिसेस टी, शाई शिळी होती."

"माझ्याकडे? शिळी?"

मग लाउंनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, लांबलचक स्पष्टीकरण दिलं. ते शरयूताईंना ठाऊकच होतं. ऐकत मी होतो. शाई म्हणजे काजळी आणि सरस. सरस ताजा असला की काजळीला कागदात घट्ट धरून ठेवतो. सुकल्यावर वरून पाणी ओता, हलत नाही. शाई शिळी झाली की सरस कुजतो. काळं कागदावर नुसतं बसलेलं असतं, आणि पहिल्या पाण्याबरोबर सुटतं.

एवढंच. एवढंच होतं ते! तिथे उभं राहून मला, देवाशपथ, आधी अपराधी वाटलं नाही, मी आधी चिडलो. बाई, एक वाक्य! इतक्या रविवारांत तुम्हाला एक वाक्य सांगता आलं नाही? कुजतं म्हणाला असतात तर लॅबमधल्या माणसाला दुसरा शब्द लागला नसता.

त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "अहो बर्वे, सांगा यांना. तुमच्या हातची शाई. ताजी होती ना?"

लाउंना मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आरोप नव्हता. कारागीर माणूस अवजाराकडे बघतो तसं, काय बिघडलंय याचा अंदाज घेत होते.

"येस," मी म्हणालो. "फ्रेश होती. मी स्वतः उगाळली."

लाउंनी खळीचा ब्रश उचलला, पाण्यात धुतला, टांगून ठेवला. "मग मला माहीत नाही," ते म्हणाले.

मी खोटं का बोललो? त्या रागावतील म्हणून. एवढं क्षुल्लक कारण आहे. पन्नाशीकडे झुकलेला माणूस एका बाईच्या बोलण्याला घाबरला.

प्रदर्शन झालं. मुख्य भिंतीवर छोटी सहा चित्रं लावली, चांगली होती. पण शरयूताईंनी पुन्हा मोठा कागद अंथरला नाही आणि लाउंचा जिनाही चढल्या नाहीत. कुणी विचारलं की म्हणायच्या, "हात गेला त्यांचा. वय झालं." त्यांच्या शब्दाला वजन होतं, चित्रं काढणारे आणखी चारपाच जण त्यांचं ऐकून दुसरीकडे जायला लागले. त्या स्वतः चित्रं मशीनवर चिकटवून घ्यायला लागल्या आणि परत आली की करवादायच्या, "इस्त्री केल्यासारखी दिसतात मेली." वर्षभरानं लाउंनी खोली सोडली. त्यांचं वय झालंच होतं, असं मी स्वतःला सांगतो.

तीन वर्षांनी शरयूताई लंडनजवळ वॉटफर्डला मुलाकडे राहायला गेल्या. फोनवर त्या निरोप न घेता फोन ठेवत, तेव्हा फोनवर हे सांगणं शक्यच नव्हतं, अशी मी सोय लावली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मात्र ट्रेनचं तिकीट काढून सांगायलाच गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. इंग्रजीत सोपी वाटली, मराठीत एकही जुळेना.

दार निखिलनं, त्यांच्या मुलानं, उघडलं. चाळिशीचा, हसरा, इथेच जन्मलेला. "काका, बरं झालं आला. आई फार क्रॉस आहे. तिला सांगा ना, पेंटिंग किती छान दिसतो तिथे."

पेंटिंग हॉलमध्ये रेडिएटरच्या वर होतं. बसस्टॉपचं, जुनं. शरयूताई त्याच्यासमोर उभ्या, पूर्वीपेक्षा निम्म्या झालेल्या. मला बघून म्हणाल्या, "आलात? धरा खालून. चित्राला शेक देतोय हा. संधिवात झालाय का त्याला?"

"आई, इट्स फाइन, हीटिंग लो आहे."

"तू चहा टाक."

आम्ही दोघांनी चित्र उतरवलं, टेबलावर पालथं ठेवलं. त्यांनी फ्रेमची मागची फळी काढायला लावली. मागचा कागद उघडा पडला. लाउंचा. त्यांनी नखाची कड त्यावरून सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"बघा. एक फुगा नाही. एक सुरकुती नाही." मग नख तिथेच ठेवून, "बावीस वर्षांत या माणसानं माझा एकही कागद बिघडवला नाही, बर्वे. मग तेव्हाच कसा?"

मी फ्रेमची फळी भिंतीला टेकवून ठेवली.

"मी त्यांना निष्काळजी म्हटलं. गावभर म्हटलं. चोर म्हटलं असतं तर एक वेळ त्यांनी सोसलं असतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही होतात ना. ताजीच होती ना हो?"

त्यांच्या आवाजात तो 'हो' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. हुकूम नव्हता, विनवणी होती. सांगायला याहून चांगली वेळ कुणी दिली नसती.

"ताजीच होती," मी म्हणालो.

"मग झालं," त्या म्हणाल्या.

चहा झाला. निखिलनं मला स्टेशनला सोडायला गाडी काढली. निघताना मी हॉलमध्ये वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. टेबलावर दोन्ही हात टेकून, चष्मा कपाळावर सारून, त्या चित्राच्या पाठीवर इतक्या वाकल्या होत्या की त्यांचं नाक जवळजवळ कागदाला लागत होतं. कुठेतरी एखादी चूक सापडावी म्हणून शोधत होत्या. ती सापडली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं. ती तिथे नव्हती.

चार महिन्यांनी निखिलचा मेसेज आला: आई गेली.

मिस्टर लाउ हयात आहेत. ग्लासगोतच, वृद्धांसाठीच्या फ्लॅट्समध्ये राहतात. आमच्या घरापासून बसनं वीस मिनिटं. त्यांची खिडकी कोणती तेही मला माहीत आहे, कारण मी दोनदा समोरच्या स्टॉपवर उतरून पुढच्या बसनं परत आलो आहे. हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. ते त्यांना कधीही वाचता येणार नाही, हे लिहिताना मला पुरतं ठाऊक होतं. तेव्हा याला कबुली म्हणू नये.

शाई शिळी होती, ती मी ओतली, आणि तुमचा हात गेला नव्हता: एवढी तीन वाक्यं मी मिस्टर लाउंना, समोर बसून, त्यांना कळेल अशा भाषेत, देणं लागतो. ती मी अजून दिलेली नाहीत.